मूल परदेशी नेताना : परवानगीचा रस्ता मोकळा हवा

१९८६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका घटस्फोटित वडिलांनी शनिवार-रविवारच्या भेटीसाठी आपल्या मुलाला शाळेतून घेतले आणि आईकडे परत न पोचवता पुण्यात आपल्या आईवडिलांच्या घरी, म्हणजे मुलाच्या आजी-आजोबांकडे आणले. मुलाचा ताबा आईकडे राहील, असा तिथल्या न्यायालयाचा आदेश होता. अमेरिकन आईने थेट भारताच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात न्यायालयाने मुलगा तिच्या हवाली केला आणि त्याला परत नेण्याची मुभा दिली. याच दशकात सुरू झालेले दुसरे प्रकरण मुंबईचे. बाळ जेमतेम महिन्याचे असताना आई त्याला घेऊन अमेरिकेतून भारतात आली. वडील तिथल्या न्यायालयात गेले, मग इथल्या. कुटुंब न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने ताबा वडिलांना दिला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९९७ च्या नोव्हेंबरात, आणि तोवर तो मुलगा बारा वर्षांहून अधिक काळ मुंबईत आईपाशी वाढला होता. त्याला आता उपटून अमेरिकेत पाठवणे त्याच्या हिताचे नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने खालचे निकाल फिरवले. दोन्ही निकाल आपापल्या जागी योग्यच वाटतात. पण शेजारी ठेवून वाचले की एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसते. दोन्हींत तत्त्व एकच होते, मुलाचे हित. फरक पडला तो मुख्यतः मध्ये गेलेल्या काळाने. एकीकडे दहा महिने गेले होते, दुसरीकडे अख्खे बालपण.

आईवडील वेगळे झाल्यावर मूल कोणत्या देशात वाढावे, हा वाद आता मोजक्या उच्चभ्रू घरांपुरता उरलेला नाही. पुण्या-मुंबईतून, नागपूर-नाशिकमधून न्यू जर्सी, सिडनी, लंडन किंवा सिंगापूरला गेलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांतले काही संसार तिथे मोडतात, काही इथे. भारतात या प्रश्नाची चर्चा होते तेव्हा ती बहुधा एकाच वळणावर अडते: मुलांना पळवून नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही करावी की नाही. हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु माझे म्हणणे असे की, त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवायला हवा. ज्या पालकाला मुलाला घेऊन प्रामाणिकपणे, सांगून-सवरून, न्यायालयाची परवानगी घेऊन दुसऱ्या देशात जायचे आहे किंवा मायदेशी परतायचे आहे, त्याच्यासाठी आपण चालण्याजोगा रस्ता ठेवला आहे का? तो रस्ता अस्पष्ट, महागडा आणि वर्षानुवर्षे लांबणारा असेल, तर रात्रीचे विमान पकडून निघून जाणे हाच शहाणपणा ठरतो, आणि एकदा मूल हलले की काळ हलवणाऱ्याच्या बाजूने काम करू लागतो. मूल न सांगता नेणे थांबवायचे असेल, तर सांगून नेण्याची वाट आधी मोकळी केली पाहिजे.

या वादांचे स्वरूप इतर ताब्याच्या वादांहून वेगळे का, हे आधी समजून घेऊ. आई कोथरूडला आणि वडील चिंचवडला राहत असतील, तर न्यायालयाला तडजोडीच्या अनेक वाटा असतात. आठवड्याचे दिवस एकाकडे, शनिवार-रविवार दुसऱ्याकडे, दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी, शाळेच्या पालकसभेला दोघांनी जायचे. निकाल कोणालाच पूर्ण पसंत नसला तरी दोघांच्याही आयुष्यात मूल उरते. एक पालक पुण्यात आणि दुसरा शिकागोत असेल तेव्हा हे सगळे मधले मार्ग बंद होतात. मूल एकाच देशातल्या शाळेत जाऊ शकते, आणि दुसऱ्याच्या वाट्याला सुट्ट्या आणि पडद्यावरचा चेहरा येतो. त्यात कायद्याचीही भर पडते. एका देशाच्या न्यायालयाचा आदेश दुसऱ्या देशात आपोआप लागू होत नाही. त्यामुळे ज्याच्यापासून मूल दूर जाणार, त्याला वाटते की विमान उडाले की आपले हक्क संपले. ही भीती निराधार नाही, आणि म्हणूनच तो प्रत्येक परवानगीला प्राणपणाने विरोध करतो. ज्याला जायचे आहे त्यालाही कळून चुकते की संमती कधीच मिळणार नाही. दोघांचेही वागणे त्यांच्या जागेवरून पाहिले तर समजण्यासारखे असते. नुकसान मात्र मुलाचे होते.

आपला कायदा या बाबतीत जवळजवळ मुका आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या अनुमतीशिवाय पाल्याला त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेता येत नाही. ही तरतूद बोटीच्या काळातली आहे. अनुमती कोणत्या निकषांवर द्यायची, किती दिवसांत द्यायची, मागे राहणाऱ्या पालकाच्या संबंधांचे काय करायचे, याबद्दल ती काही सांगत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व अधिनियमाचे कलम १३ बालकाचे कल्याण सर्वोपरी मानते. तत्त्व म्हणून त्याला कोणाचाच आक्षेप नसेल, पण न्यायाधीशाच्या हाती त्यातून मोजपट्टी येत नाही. परिणामी प्रत्येक न्यायाधीश आपल्या विवेकबुद्धीने नवा रस्ता आखतो. काहींचे रस्ते उत्तम असतात. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर पुण्यातल्या एका अभियंता आईचे प्रकरण आले. तिला कंपनीकडून पोलंडमधल्या क्रॅकोव्ह शहरात दोन वर्षांच्या कामाची संधी मिळाली होती आणि नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यायचे होते. वडिलांचा विरोध होता. न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी परवानगी दिली. नोकरीतली प्रगती आणि मूल यांतून एकाची निवड करण्याची सक्ती आईवर करता येणार नाही, हा त्या निकालाचा रोख होता. त्याचबरोबर वडिलांशी मुलीची गाठभेट तुटू नये म्हणून सुट्ट्यांमध्ये तिला भारतात आणण्याची आणि एरवी व्हिडिओवरून बोलणे चालू ठेवण्याची व्यवस्थाही न्यायालयाने लावून दिली. त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिले होते, आणि २०२० मध्ये दुसऱ्या एका आईला सिंगापूरला.

असे निकाल वाचून समाधान वाटते, पण ते तिथेच थांबू नये. पुण्याच्या त्या प्रकरणात आईला आधी कुटुंब न्यायालयात नकार मिळाला आणि मग उच्च न्यायालय गाठावे लागले. दोन वर्षांच्या नेमणुकीसाठी कंपनी किती थांबेल? नव्या शाळेचा प्रवेश, व्हिसाची मुदत, भाड्याचे घर या साऱ्यांना तारखा असतात. आपल्या कुटुंब न्यायालयांत तारखांवर तारखा पडत असताना परवानगीचा अर्ज वर्ष-दीड वर्ष लांबला तर तो नाकारल्यासारखाच असतो. उच्च न्यायालयापर्यंत लढण्याची ऐपत आणि धीर किती जणांकडे असतो? शिवाय निकाल काय लागेल याचा अंदाज वकिलालाही देता येत नसेल, तर समोरचा पालक तडजोडीला तरी का तयार होईल? नियम ठाऊक असतील तर लोक नियमांच्या छायेत समझोता करतात. नियमच नसतील तर ते नशिबावर भरवसा ठेवून लढत राहतात.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू, म्हणजे परवानगी न घेता मूल हलवले जाते तेव्हा काय होते ते. हेग करार २५ ऑक्टोबर १९८० चा, अमलात आला १९८३ च्या डिसेंबरात. आज शंभराहून अधिक देश त्यात आहेत. त्याची रचना समजायला सोपी आहे. सोळा वर्षांखालचे मूल ज्या देशात नेहमी राहत होते तिथून दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून हलवले गेले, तर ते लवकरात लवकर त्या देशात परत पाठवायचे. ताबा कोणाचा, हे तिथले न्यायालय ठरवील. परत पाठवण्याचा आदेश म्हणजे ताब्याचा निकाल नव्हे, असे करार स्पष्ट सांगतो. अर्ज एका वर्षाच्या आत झाला नाही आणि मूल नव्या जागी रुजले असेल, तर न्यायालय नकार देऊ शकते. परत पाठवल्याने मुलाला गंभीर शारीरिक वा मानसिक धोका असेल, किंवा जाणत्या वयाचे मूल स्वतः विरोध करत असेल, तरीही नकार देता येतो. न्यायालयांनी सहा आठवड्यांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अनेक देशांत त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो, हेही खरे. प्रत्येक सदस्य देशात एक केंद्रीय प्राधिकरण असते. ते मुलाचा ठावठिकाणा शोधते, दोन्ही बाजूंना बोलते करते आणि दोन देशांमधला दुवा म्हणून काम करते.

भारत या करारात नाही. त्यामुळे परदेशातून भारतात आणलेल्या मुलासाठी मागे राहिलेला पालक उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका करतो, म्हणजे मुळात बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाला सोडवण्यासाठी असलेला उपाय वापरतो. त्यात सर्वोच्च न्यायालयाची भूमिका गेल्या काही वर्षांत कशी हेलकावत गेली ते पाहण्यासारखे आहे. २०१५ मध्ये, इंग्लंडहून कोइमतूरला आणलेल्या दोन मुलींच्या प्रकरणात, ज्या न्यायालयाने आधी परिणामकारक आदेश दिला त्याचा मान राखावा, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. २०१७ मध्ये, इंग्लंडहूनच दिल्लीला आणलेल्या, हृदयाचा विकार असलेल्या मुलीच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते तत्त्व नाकारले. परदेशी आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, मुलाचे हितच अंतिम, असे सांगून मुलीला आईपाशीच ठेवले. २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाचा आदेश मोडून मुलीला आणलेल्या आईला, काही अटींवर, मुलीसह परत जाण्यास सांगितले गेले. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचा नकार बाजूला सारून एका अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला परत पाठवण्याचा आदेश झाला. यातल्या प्रत्येक निकालामागे त्या-त्या मुलाची परिस्थिती होती, आणि न्यायमूर्तींनी ती मनापासून तपासली हे निकालपत्रे वाचताना जाणवते. पण सगळे निकाल एकत्र पाहिले तर एखाद्या आईला किंवा वडिलांना आज खात्रीने काय सांगता येईल? एवढेच की, मूल ज्याच्या हातात आहे आणि ज्याने वेळ काढला त्याचे पारडे जड होत जाते. कोणत्याही न्यायमूर्तीला असे व्हावे असे वाटत नसणार. पण स्पष्ट नियम नसताना आणि सुनावणी लांबत असताना दुसरे काही होऊ शकत नाही.

परवानगी आणि पळवापळवी ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, हे जगातल्या न्यायाधीशांनी पूर्वीच ओळखले आहे. २०१० च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनमध्ये अनेक देशांच्या न्यायाधीशांची परिषद झाली आणि तिने स्थलांतराबद्दल एक जाहीरनामा काढला. त्याचे सार असे: प्रत्येक देशात परवानगी मागण्याची कायदेशीर आणि जलद सोय असावी, पालकांना एकतर्फी पाऊल उचलण्याऐवजी तिचा वापर करण्यास उत्तेजन द्यावे, निर्णय घेताना जाण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणतेही पूर्वगृहीत धरू नये, आणि मुलाचे दोन्ही पालकांशी नाते, त्याचे मत, जाण्यामागचा हेतू, घरातील हिंसाचाराचा इतिहास, नव्या ठिकाणी संपर्क टिकवण्याची व्यावहारिक शक्यता अशा बाबी एकेक करून तपासाव्यात. पूर्वगृहीत का नको, याचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात सापडते. इंग्लंडमध्ये बराच काळ सांभाळणाऱ्या आईच्या वाजवी बेताला सहसा नकार देऊ नये, असा कल होता. २००१ च्या एका गाजलेल्या निकालाने तो पक्का केला. आई खचली तर मूलही खचते, असा त्यामागचा विचार. नंतर, मागे राहणाऱ्या वडिलांची बाजू झाकोळली जाते अशी टीका झाली, आणि गेल्या दशकात तिथली न्यायालये सर्व बाबींचा एकत्रित तोल पाहण्याकडे वळली.

ऑस्ट्रेलियातले २००२ चे एक प्रकरण तर मराठी वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावे असे. आईवडील दोघेही मूळचे भारतीय. आईला लहान मुलीसह मुंबईला परतायचे होते, तर वडील ऑस्ट्रेलियातच राहणार होते. तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, बहुमताने मुलीला ऑस्ट्रेलियात ठेवण्याचा आदेश कायम केला. आईने राहायचे तर तिथेच राहावे, असा त्याचा परिणाम. न्यायमूर्ती मेरी गॉड्रन यांनी आपल्या भिन्नमतात एक साधा प्रश्न विचारला. मुलीजवळ राहण्यासाठी आईने आपली इच्छा सोडावी अशी अपेक्षा सगळे करतात. मग वडील भारतात परतू शकतात का, हे कोणी तपासले का? ते स्वतः भारतीय वंशाचे होते, शिकलेले होते. तरी तो पर्याय विचारातच घेतला गेला नाही. आईने थांबावे हे गृहीत धरायचे आणि वडिलांनी हलावे ही शक्यता सुचूही द्यायची नाही, हा पक्षपात कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो. तो न लिहिता काम करतो. निकषांची यादी लिहून ठेवली आणि दोन्ही पालकांना एकच प्रश्न विचारणे बंधनकारक केले, तरच तो उघडा पडतो.

आता या भूमिकेवरच्या आक्षेपांकडे वळू. सर्वांत वजनदार आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येतो, आणि भारताने हेग करारावर सही न करण्यामागे तोच मोठा धागा आहे. करार लिहिला गेला तेव्हा लेखकांच्या डोळ्यांसमोर ताबा न मिळालेले आणि मूल घेऊन पळणारे वडील होते. प्रत्यक्षात या कराराखालच्या प्रकरणांत मूल नेणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश माता असल्याचे अभ्यासांत दिसले, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मुलाला रोज सांभाळणाऱ्या असतात. परदेशात नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली, स्वतः कमावण्याची मुभा नसलेली, मारहाण सोसणारी आणि भाषा-वकील-पैसा यांपैकी काहीच हाताशी नसलेली बाई माहेरी आली, तर तिला मूल घेऊन परत त्याच घराच्या दारात पाठवायचे का? याला माझे उत्तर स्पष्ट आहे: नाही. पण त्यावरून करार किंवा कायदा नकोच, हा निष्कर्ष निघत नाही. जपानमध्ये नेमका हाच आक्षेप होता, आणि त्या देशाने २०१४ मध्ये करारात सामील होताना स्वतःच्या अंमलबजावणी कायद्यात मुलाला किंवा त्याच्या देखत पालकाला होणाऱ्या हिंसेचा विचार करणे न्यायालयावर सोपवले. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये आपल्या नियमांत कौटुंबिक हिंसाचाराचा मुद्दा ठळकपणे आणला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, परत पाठवण्यात गंभीर धोका असल्याचे दिसले, तर तो धोका कमी करण्याचे सगळे संभाव्य उपाय धुंडाळून मगच नकार द्यावा असे बंधन न्यायालयांवर नाही. म्हणजे संरक्षणाची कवचे घालून सामील होता येते. शिवाय विनाकायद्याची आजची अवस्था त्या बाईला तरी कुठे वाचवते? परदेशात तिच्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो, ती पुन्हा त्या देशात पाय ठेवू शकत नाही, आणि मूल मोठेपणी वडिलांना भेटायला निघाले तर तिच्या पोटात गोळा येतो. तिला खरा उपयोग आहे तो तिथूनच, भारतीय वकिलातीच्या आणि मोफत कायदेशीर मदतीच्या आधाराने, मायदेशी परतण्याची परवानगी मिळवता येण्याचा.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा असतो. परवानगीच्या अटी कागदावर कितीही छान असोत, विमान गेल्यावर त्या पाळल्या जातील याची हमी काय? हा आक्षेप हलका नाही, आणि त्याला आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा कटू अनुभव साक्षीला आहे. २०२० च्या ऑक्टोबरात न्यायालयाने बहुमताने एका मुलाचा ताबा केनियात राहणाऱ्या वडिलांना दिला. आई दिल्लीत होती. तिच्या भेटीचे हक्क जपावेत म्हणून वडिलांनी एक कोटी रुपये जमा करावेत आणि भारतीय आदेशातल्या अटी केनियाच्या न्यायालयातून तशाच आदेशाच्या रूपात आणाव्यात, असे बंधन घातले. कायद्याच्या भाषेत याला मिरर ऑर्डर म्हणतात. मुलगा केनियात गेला आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत. आणलेला आदेश मुळात तसा नव्हताच असे उघड झाले. २०२१ मध्ये न्यायालयाला आपला निकाल मागे घ्यावा लागला आणि २०२२ मध्ये वडिलांना अवमानाबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सुनावली गेली. पण आईच्या हाती मूल त्याने आले नाही. या प्रकरणावरून कोणी म्हणेल की परदेशी जाऊ देणेच चूक. मला त्यातून उलटा धडा दिसतो. भारत आणि केनिया दोन्ही देश हेग कराराबाहेर होते, त्यामुळे आदेशाची खातरजमा करणारे आणि तो राबवणारे कोणतेही अधिकृत प्राधिकरण मध्ये नव्हते. सारी भिस्त एका पक्षकाराने आणून दिलेल्या कागदावर होती. परदेशातल्या न्यायालयाचा आदेश सरकारी मार्गाने तपासून मगच मूल हलवायचे, आणि करारातील देशाकडे जाणे असेल तर अटींना अधिक वजन द्यायचे, हा साधा क्रम पाळला असता तर ही फसगत टळू शकली असती.

तिसरा आक्षेप भावनिक आहे आणि आपल्याकडे तो वारंवार ऐकू येतो. मूल भारतात, आजी-आजोबांच्या सहवासात, आपल्या संस्कारांत वाढत असेल तर त्याला परक्या देशात का पाठवायचे? भारतीय न्यायालयाने प्रत्येक मुलाची पूर्ण चौकशी करून निर्णय द्यावा, त्याला परदेशी न्यायाधीशाच्या भरवशावर का सोडावे? यात मुलाबद्दलची माया आहे, पण गृहीतकही आहे की आपला देश मुलासाठी चांगला आणि दुसरा वाईट. डोंबिवलीत जन्मलेल्या आणि सात वर्षे तिथे वाढलेल्या मुलाला कोणी न सांगता टोरांटोला नेले, तर आपल्याला तिथल्या न्यायालयाने काय करावे असे वाटेल? त्याला लगेच परत पाठवावे, असेच ना? मग तोच नियम उलट दिशेनेही लागू व्हायला हवा. मुलाचे हित कुठे, हे ठरवण्यास सर्वांत योग्य न्यायालय ते, जिथे त्याची शाळा, त्याचे डॉक्टर, शेजारी आणि शिक्षक आहेत, कारण पुरावा तिथे आहे. भारतात रुजलेल्या मुलाबद्दल तो अधिकार भारतीय न्यायालयाचाच, आणि तो आपण ठामपणे सांगावा. पण रुजणे हे फसवून मिळवलेल्या काळात झालेले असेल, तर त्या मुळांचा दाखला देणे न्यायाला धरून होत नाही. म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत निर्णय होणे इतके महत्त्वाचे आहे. तेव्हा मूल परत पाठवणे त्याला सोसते. पाच वर्षांनी तेच क्रौर्य ठरते, आणि मग न्यायालयाच्या हाती काही उरत नाही.

घाईत न्याय होतो का, असाही प्रश्न विचारला जाईल. वेग आणि सखोलता यांचे वैर असायलाच हवे असे नाही. परवानगीच्या अर्जात काय तपासायचे हे आधीच लिहून ठेवले, अर्जदाराने शाळा, घर, उत्पन्न, वैद्यकीय सोय आणि दुसऱ्या पालकाच्या भेटींचा पूर्ण आराखडा अर्जाबरोबरच देणे सक्तीचे केले, आणि विरोध करणाऱ्यानेही नुसते नाही न म्हणता स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, तर निम्मा वेळ वाचेल. प्रत्येक राज्यात अशा प्रकरणांसाठी ठरावीक कुटुंब न्यायालये नेमावीत. प्रशिक्षित समुपदेशकाने मुलाशी एकांतात, त्याच्या भाषेत बोलावे. पहिल्या महिन्यात मध्यस्थीची संधी द्यावी, आणि ती फसली तर तीन-चार महिन्यांत निकाल लागावा. परवानगी देताना प्रवासखर्च कोण करील, सुट्ट्या कशा वाटल्या जातील, फोनची वेळ कोणती, अट मोडल्यास कोणती रक्कम जप्त होईल, हे आदेशातच असावे. व्हिडिओ कॉलने वडिलांचे किंवा आईचे नाते भरून निघते, असे मानण्याचीही चूक करू नये. लहान मुलाला मांडीवर घेणारा माणूस हवा असतो. म्हणून प्रत्यक्ष भेटी हा आराखड्याचा कणा, आणि पडद्यावरचे बोलणे त्याला जोड.

ही सारी मागणी आकाशातून पडलेली नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २१८ व्या अहवालात हेग करारात सामील होण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये सरकारने एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि त्याच वर्षी आयोगाच्या २६३ व्या अहवालाने सुधारित मसुदा दिला. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराची काळजी मांडत एका स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना पुढे केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगात मध्यस्थी कक्षही निघाला. इतके सगळे होऊनही संसदेत कायदा झालेला नाही, आणि सरकारमधली चर्चा अजून सही करावी की नाही याच्याभोवतीच घोटाळते आहे. माझ्या मते क्रम उलटा करावा. १८९० च्या कायद्यात दुरुस्ती करून परवानगीचे निकष आणि मुदत आधी लिहावी, कारण त्यासाठी कोणत्याही देशाची संमती लागत नाही आणि उद्यापासून तिचा लाभ पुण्या-नागपुरातल्या पालकांना मिळेल. त्याचबरोबर हिंसाचारापासून संरक्षण देणारा अंमलबजावणी कायदा तयार ठेवून हेग करारात सामील व्हावे. पहिले पाऊल न टाकता दुसरे टाकले तर निरुपाय झालेल्या माता गुन्हेगार ठरतील. दुसरे न टाकता पहिलेच टाकले तर परदेशातून येणाऱ्या मुलांना त्याचा फायदा होणार नाही. दोन्ही एकत्र हवीत, आणि ज्या पालकाने दार उघडे ठेवून, दुसऱ्याला विश्वासात घेऊन, न्यायालयासमोर उभे राहून परवानगी मागितली, त्याला पळून गेलेल्यापेक्षा वाईट वागणूक मिळणार नाही एवढी खात्री कायद्याने दिली पाहिजे.